‘आय अ‍ॅम आफ्टर सेंडिंग’ : चुकीचं इंग्रजी की दुसरं इंग्रजी?

ओळीमधली

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझा एक सहकारी आयर्लंडचा आहे. संध्याकाळी त्याचा निरोप आला : ‘आय अ‍ॅम आफ्टर सेंडिंग यू द फाइल.’ मला वाटलं, याला फाइल पाठवायची आहे, कशानंतर तरी पाठवेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग जरा त्रासिक सुरातच लिहिलं, की तुमचं वाक्य अर्धवट आहे, ‘आफ्टर’ म्हणजे कशानंतर? त्याचं उत्तर आलं, फाइल कालच पाठवली, तेच तर कळवलं होतं. ती खरोखरच आदल्या संध्याकाळपासून येऊन पडली होती.

मग शोधाशोध केली. आयर्लंडच्या इंग्रजीत ‘आय अ‍ॅम आफ्टर सेंडिंग’ म्हणजे ‘मी नुकतीच पाठवली’. आयरिश भाषेत नुकत्याच संपलेल्या क्रियेसाठी ‘नंतर’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. लोक इंग्रजी बोलू लागले तेव्हा ही रचना त्यांच्यासोबत आली आणि टिकली. ‘पाठवण्यानंतरच्या स्थितीत मी आहे’ असं फोडून बघा, किती नेमकं आहे! आणि मी मनातल्या मनात त्याचं इंग्रजी कच्चं ठरवलं होतं. इंग्रजी त्याची मातृभाषा आहे, माझी नाही, तरीसुद्धा.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. आपण ज्याला ‘चुकीचं इंग्रजी’ म्हणतो त्यातलं बरंचसं कुणाचं तरी नियमाने चालणारं व्याकरण असतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या इंग्रजीतलं ‘ही बी वर्किंग’ घ्या. शाळेत लिहिलं तर लाल रेघ. पण ‘ही वर्किंग’ म्हणजे तो आत्ता काम करतोय आणि ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो काम करत असतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावंच लागू नये. ‘दूध पांढरं आहे’ आणि ‘दूध पांढरं असतं’ यातला फरक आपण विचार न करता पाळतो. प्रमाण इंग्रजीत दोन्हीला एकच ‘इज’ आहे. जो फरक प्रमाण इंग्रजीला ‘इज’मधून दाखवता येत नाही, तो या बोलीला दाखवता येतो, आणि तरी अडाणी ठरते ती बोली.

याची तपासणीही झाली आहे. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमातला बिस्किटवेडा कुकी मॉन्स्टर आजारी होऊन झोपला आहे आणि बिस्किटं त्याच कार्यक्रमातला एल्मो खातो आहे, असं चित्र मुलांना दाखवलं आणि विचारलं, ‘हू बी ईटिंग कुकीज?’ ही बोली बोलणाऱ्या मुलांनी कुकी मॉन्स्टरकडे बोट दाखवलं. आत्ता खात नसला तरी खात असतो तोच! प्रश्न ज्यांना कळला नाही ती मुलं एल्मो म्हणाली.

माझं मत स्पष्ट सांगते. ‘चुकीचं इंग्रजी’ हा शब्दप्रयोग आपण फार सैल हाताने वापरतो आणि तो आवरायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

जुना खडू

ताई, असहमत. तळमळीने लिहिलंय म्हणून मीही तळमळीने लिहितो.

सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. माझ्यासमोरची मुलं घरी इंग्रजी ऐकत नाहीत. वहीत ‘शी गो’ दिसलं की मी खूण करतो आणि करत राहणार. इंग्लंडमधल्या नॉर्विचला लोक ‘शी गो’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७०च्या दशकात त्यावर लिहिलं, ते स्वतः नॉर्विचचेच. पण माझ्या विद्यार्थ्याचं ‘शी गो’ नॉर्विचचं नाही. तो पहिल्या ओळीत ‘शी गो’ लिहितो, तिसऱ्या ओळीत ‘शी गोज’ आणि पाचव्या ओळीत ‘दे गोज’. ही बोली नव्हे, हा अर्धवट शिकलेला नियम आहे. त्याला ‘तुझं वेगळं इंग्रजी आहे’ म्हणून सोडून देणं म्हणजे हात झटकणं.

आणि पेपर तपासणारा, मुलाखत घेणारा, अर्ज वाचणारा यांना एकच इंग्रजी माहीत असतं. त्यांच्या अज्ञानाचा भुर्दंड मुलगा भरतो, मी नाही आणि तुम्हीही नाही.

ओळीमधली

@जुना खडू, सर, तुम्ही दिलेलं उदाहरण मला मान्य आहे आणि माझा मुद्दा त्याने पक्काच होतो. तुमचा विद्यार्थी कधी हे, कधी ते लिहितो. बोली बोलणारा तसं करत नाही. त्याला नियम सांगता येणार नाही, पण तो मोडणारही नाही.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६९ साली दाखवलेली गोष्ट बघा. त्याच कृष्णवर्णीय बोलीत ‘ही इज नाइस’चं ‘ही नाइस’ होतं, ‘इज’ गळतं. लोक म्हणायचे, हे आळशी बोलणं आहे, वाटेल तिथे शब्द खातात. लबॉव यांनी दाखवलं, की प्रमाण इंग्रजीत जिथे ‘इज’ आखडून ‘ही’ज’ म्हणता येतं तिथेच ते गळतं. ‘ही इज अ‍ॅज नाइस अ‍ॅज ही सेज ही इज’ हे वाक्य घ्या. शेवटचं ‘इज’ प्रमाण इंग्रजीत आखडता येत नाही, ‘ही सेज ही’ज’ कुणी म्हणत नाही. आणि या बोलीतही नेमकं तेच ‘इज’ गाळत नाहीत. पहिलं जाईल, शेवटचं राहील. आळसाला इतकी शिस्त नसते.

म्हणून म्हणते, ‘चूक’ आणि ‘फरक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीवर एकच लाल रेघ नको.

अक्षरओळख

मूळ लेखाशी असहमत, पण कारण वेगळं. इंग्रजी मुळात एक होती, नियम पक्के होते आणि आता प्रत्येक जण मनाला येईल तसं बोलतो. ‘आस्क’चं ‘अ‍ॅक्स’ करतात, एका वाक्यात दोन-दोन नकार घालतात, एकाच माणसाला ‘दे’ म्हणतात. याला विविधता म्हणायचं असेल तर मग भाषा शिकायची तरी कशाला?

तिरपी रेघ

@अक्षरओळख, ‘मुळात एक होती’ हे कधीच खरं नव्हतं. इंग्लंडमध्ये छापखाना आणणारे विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० साली एका प्रस्तावनेत एक प्रसंग लिहून ठेवलाय. काही व्यापारी थेम्स नदीतून निघालेले, वारा पडल्याने अडकले. किनाऱ्यावर उतरून एकाने घरधनिणीकडे अंडी मागितली, शब्द वापरला ‘एगीज’. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ मागितली, तेव्हा तिला कळलं. दोघंही इंग्रजीच बोलत होते. ‘एग’ हा उत्तरेकडचा, नॉर्स भाषेतून आलेला शब्द आणि ‘आयरेन’ दक्षिणेचा जुना. कॅक्स्टन पुढे विचारतात, की आता माणसाने लिहायचं तरी काय? आज उत्तरेचा शब्द प्रमाण आहे, त्या बाईचा गेला.

तुमची तिन्ही उदाहरणं जुनीच आहेत. ‘अ‍ॅक्स’ हे रूप जुन्या इंग्रजीपासून ‘आस्क’च्या जोडीने चालत आलंय. १५३५ च्या कव्हरडेल बायबलमध्ये ‘मागा म्हणजे मिळेल’ या वचनात ‘अ‍ॅक्स’च आहे. चौदाव्या शतकातला कवी चौसर, त्याने आपल्या काव्यातल्या सरदाराची सभ्यता सांगताना दोनच ओळींत चार नकार घातलेत, आणि ते एकमेकांना खोडत नाहीत, भर घालतात. एकवचनी ‘दे’ चौदाव्या शतकापासून सापडतं. आणि ‘यू’ कधीकाळी फक्त अनेकवचनी होतं हे विसरू नका. एकाला ‘दाऊ’ म्हणत. ‘यू’ने ती जागा घेतली आणि इंग्रजीला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे उरले नाहीत. मग ती उणीव लोकांनीच भरून काढली. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, आयर्लंडमध्ये ‘यूज’ आणि ‘यी’, पिट्सबर्गला ‘यिन्झ’. ज्याला तुम्ही बिघाड म्हणता ती डागडुजी आहे.

दुहेरी नकाराला चूक ठरवणारा नियम रॉबर्ट लोथ यांनी १७६०च्या दशकात आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात घातला. गणितासारखं, दोन उणे मिळून अधिक.

जुना खडू

@तिरपी रेघ, लोथ यांच्यावर सगळं ढकलू नका. लिहिलेल्या इंग्रजीतून दुहेरी नकार त्यांच्या आधीच ओसरत चालला होता. जे शिकलेल्यांच्या लेखणीत दिसत होतं त्याला त्यांनी नियमाचं रूप दिलं. प्रमाण भाषा एका माणसाने रात्रीत रचलेली नसते. छापखाना, राजदरबार, कचेऱ्या, शाळा यांच्या शेकडो वर्षांच्या वापरातून ती घट्ट होते. म्हणूनच ती उपयोगी पडते. ती नसती तर कॅक्स्टनच्या त्या बाईसारखं प्रत्येक जण ‘मला फ्रेंच येत नाही’ म्हणत दार लावून बसला असता. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

धावपट्टी

विमान वाहतुकीच्या संपर्क यंत्रणेत काम करतो. एरवी अशा धाग्यांवर फक्त वाचतो, आज लिहावंसं वाटलं.

२७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमानतळ. धुकं होतं. एका डच विमानाच्या सहवैमानिकाने सांगितलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ.’ मनोऱ्यावरच्या नियंत्रकाने समजून घेतलं, की विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि पुढे ‘थांबा’ सांगितलं, पण त्याच क्षणी दुसरं विमान त्याच लहरीवर बोललं. कॉकपिटमध्ये ‘ओके’ तेवढं स्पष्ट ऐकू आलं. ५८३ माणसं गेली. काही भाषाअभ्यासकांच्या मते त्या ‘अ‍ॅट टेक-ऑफ’मागे डच भाषेतली चालू क्रियेची रचना होती. तुमच्या आयरिश सहकाऱ्याच्या ‘आफ्टर’सारखीच, ओळीमधली ताई. त्या सहवैमानिकाच्या बोलण्यातही नियम होता, पण समोरच्याला तो ठाऊक नव्हता.

अपघाताला कारणं अनेक होती, एका वाक्यावर सगळा भार टाकत नाही. पण त्यानंतर बोलण्याची पद्धत बदलली. आता ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आमच्याकडे ‘प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या जागी बरोबर’ असं म्हणणं परवडत नाही. तुमची एक फाइल एक दिवस उशिरा उघडली गेली. सगळीकडे इतकं स्वस्तात सुटत नाही.

ओळीमधली

@धावपट्टी, हे वाचून बराच वेळ गप्प बसले. तुमच्याशी वाद घालण्यासारखं काही सापडत नाही. इतकंच विचारते, तुमच्या कामातलं इंग्रजी आणि शाळेत ‘चांगलं’ म्हणतात ते इंग्रजी एकच आहे का?

तिरपी रेघ

त्यांच्या आधी मीच उत्तर देतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. एक नाही. विमानातल्या संवादात ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणतात, ‘येस’ऐवजी ‘अफर्म’. शाळेत दोन्ही चूक. ते एका कामासाठी घडवलेलं इंग्रजी आहे आणि लंडनमध्ये जन्मलेल्या वैमानिकालाही ते शिकावंच लागतं. उलट मातृभाषा इंग्रजी असलेली माणसं ‘आपल्याला तर येतंच’ म्हणून ठरलेली शब्दावली सोडून बोलतात ही त्या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे.

आणि प्रमाण इंग्रजी बोलल्याने गैरसमज टळतो असंही नाही. कोरियन युद्धात, एप्रिल १९५१ मध्ये, इम्जिन नदीकाठी ब्रिटिश तुकडी वेढली गेली होती. त्यांच्या ब्रिगेडियरने अमेरिकन जनरलला कळवलं, की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ ‘आता सगळं संपत आलंय’. अमेरिकन कानाला ‘थोडी अडचण आहे’. ही हकिकत अनेकांनी सांगितली आहे. ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या त्या बटालियनचे पाचशेहून जास्त सैनिक पकडले गेले. दोन्ही अधिकारी शुद्ध, शिकलेलं इंग्रजी बोलत होते. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

‘टेबल’चं तेच. बैठकीत एखादा विषय ‘टेबल’ करा म्हटलं तर ब्रिटिश माणूस तो आत्ता चर्चेला घेतो, अमेरिकन बाजूला ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही बाजूंत लांबलचक वाद झाल्याचं चर्चिलने आठवणींत लिहिलंय. वाद संपल्यावर कळलं, की दोघांना एकच गोष्ट हवी होती.

धावपट्टी

@तिरपी रेघ, ‘नाइनर’चं बरोबर. आणि मातृभाषिकांबद्दलची तक्रारही खरी, रोज अनुभवतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००८ पासून वैमानिक आणि नियंत्रकांना इंग्रजीची किमान चौथी पातळी सक्तीची केली. त्या मोजपट्टीत बोलीचा ठसा असू नये अशी अट नाही. त्या ठशामुळे समजण्यात अडथळा येऊ नये अशी आहे. तेवढं तुमच्या बाजूने मान्य. पण अडथळा येऊ न देण्याची जबाबदारी आम्ही बोलणाऱ्यावर टाकतो, हे विसरू नका.

मागचा बाक

जबाबदारी नेहमी बोलणाऱ्यावरच का? ऐकणाऱ्याचं काय? न्यायालयातलं उदाहरण देते, कारण तिथे बोलणाऱ्याला दुसरा पर्याय नसतो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत साक्षी शब्दशः टिपणाऱ्या लेखनिकांची चाचणी घेतली गेली. अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. या लेखनिकांना ९५ टक्के अचूकतेचं प्रमाणपत्र लागतं. कृष्णवर्णीय बोलीतली वाक्यं ऐकवली तेव्हा शंभरातली जवळपास चाळीस चुकीची टिपली गेली. त्यातलं एक वाक्य मला विसरता येत नाही. बोलणारा म्हणाला, ‘ही डोन्ट बी इन दॅट नेबरहूड.’ ओळीमधलीने सांगितलेलं ‘बी’ इथे लावा : तो त्या भागात नसतो. टिपलं गेलं, ‘वी गोइंग टू बी इन दिस नेबरहूड’. म्हणजे, आपण या भागात असणार. ‘नसतो’चं ‘असणार’ झालं, ‘तो’चा ‘आपण’ झाला. अशी नोंद कागदावर चढली तर अपिलात हाच कागद वाचला जाणार.

साक्षीदाराने आधी प्रमाण इंग्रजी शिकून यावं असं इथे कोण म्हणेल? लेखनिकाला ती बोली शिकवणं हेच काम आहे. जुना खडू सर म्हणतात ना, की दुसऱ्याच्या अज्ञानाचा भुर्दंड मुलगा भरतो. मग त्या दुसऱ्याचं अज्ञान कमी करायला कुणी हात घालायचा?

अक्षरओळख

@मागचा बाक, हे माहीत नव्हतं. ‘नसतो’ असं वाचल्यावर ते वाक्य एकदम कळलं. ‘अ‍ॅक्स’बद्दलचं माझं विधान मागे घेते. एकवचनी ‘दे’ अजून कानाला खुपतं, पण ते चुकीचं आहे असं आता म्हणणार नाही.

जुना खडू

दोन दिवस विचार करून लिहितोय.

हा वाद आपला पहिला नाही. १९९०-९१ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि ब्रज काचरू या दोन भाषाशास्त्रज्ञांत तो झाला. काचरू काश्मीरमध्ये जन्मलेले. त्यांचं म्हणणं, भारत, सिंगापूर, नायजेरिया इथलं इंग्रजी म्हणजे बिघडलेलं ब्रिटिश इंग्रजी नव्हे, त्यांना स्वतःचे नियम आहेत. क्वर्क यांचं म्हणणं, शिकणाऱ्याला प्रमाण इंग्रजीच द्या, कारण ते मिळण्याची त्याची जागा बहुधा वर्ग हीच असते. मी क्वर्क यांच्या बाजूचा होतो आणि अजून आहे. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, ज्याचे आईवडील इंग्रजी बोलतात, तो ‘सगळी इंग्रजी सारखी’ म्हणायला मोकळा आहे, कारण प्रमाण इंग्रजी त्याला फुकट मिळालेलं असतं. ज्याला ते फक्त माझ्याच वर्गात मिळणार आहे, त्याच्यापासून मी ते काढून घेऊ? तत्त्वाच्या नावाखाली?

पण मागचा बाक यांचं ‘नसतो’ मनातून जात नाही. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो, की ‘ही बी वर्किंग’ला अर्थच नाही. गुण कापणं एक आणि अर्थ नाही म्हणणं दुसरं. पहिलं माझं काम होतं, दुसरं खोटं होतं.

ओळीमधली

सर, प्रमाण इंग्रजी काढून घ्या असं मी म्हणत नाही. तशी समजूत माझ्या लिहिण्यामुळे झाली असेल तर दुरुस्त करते. मलाही नोकरी त्याच इंग्रजीने दिली. मला एवढंच हवंय, की प्रमाण इंग्रजीशेजारी दुसऱ्या इंग्रजींचं एखादं पान शिकवावं. ‘आफ्टर’चं, ‘यॉल’चं, ‘टेबल’चं. आणि आपल्या स्वतःच्या ‘प्रीपोन’चंही. ‘पोस्टपोन’च्या उलट शब्द हवा होता, तो चपखल बसला, तरी आपण लाजत वापरतो. त्या पानावर परीक्षा नको. पुढे केव्हातरी असं वाक्य समोर आलं, तर समोरच्याला कच्चा ठरवण्याआधी माणूस एकदा विचारेल, याचा अर्थ काय? मी तो प्रश्न विचारला असता तर एक दिवस वाचला असता, आणि त्या माणसाला माझा तो त्रासिक निरोप वाचावा लागला नसता. मी नंतर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, सवय आहे.

धावपट्टी

@ओळीमधली, असं पान आमच्या प्रशिक्षणातही चालेल. ऐकणाऱ्याने कोणकोणत्या वाक्यांनी फसू नये, याचं. पण बोलताना शब्द ठरलेलाच.

जुना खडू

सोमवारी नववीच्या फळ्यावर दोन वाक्यं लिहिणार आहे : ‘दूध पांढरं आहे’ आणि ‘दूध पांढरं असतं’. विचारीन, इंग्रजीत सांगा. दोन्हीला ‘मिल्क इज व्हाइट’च येईल. मग त्याखाली ‘ही वर्किंग’ आणि ‘ही बी वर्किंग’ लिहून जोड्या लावायला सांगणार. दहा मिनिटं. त्यानंतर नेहमीचा धडा आणि वहीतल्या ‘दे गोज’वर नेहमीची लाल रेघ. मुलं काय म्हणाली ते इथेच येऊन लिहीन.